मनगटावरचा हिशेबनीस

पाण्याने भरलेल्या गुहेत शिरलेल्या माणसाने वर पाहिले, तर त्याला पाण्याचा पृष्ठभाग दिसत नाही, खडक दिसतो. उघड्या समुद्रात बुडी घेणारा पाणबुड्या संकटात सापडला, तर सरळ वर येण्याची वाट त्याला निदान मोकळी असते. गुहेत ती नसते. जेवढे अंतर आत गेलो, तेवढेच अंतर त्याच वाटेने परत कापल्यावाचून मोकळी हवा मिळत नाही. २०१८ च्या जून-जुलैमध्ये थायलंडमधील थाम लुआंग गुहेत बारा मुले आणि त्यांचा प्रशिक्षक अडकून पडले, तेव्हा ही गोष्ट साऱ्या जगाने पाहिली. गुहेतील पाणी उपसण्याच्या कामी साहाय्य करण्यासाठी महाराष्ट्रातील किर्लोस्कर ब्रदर्स या कंपनीचे तज्ज्ञही तेथे गेले होते. मुले सुखरूप बाहेर आली. परंतु हवेचे सिलिंडर आत पोचवून परतणारा थाई नौदलाचा माजी पाणबुड्या समन कुनान ६ जुलै रोजी वाटेतच शुद्ध हरपून मरण पावला.

थाम लुआंगमध्ये पाणी फार खोल नव्हते. छताने वाट अडवली होती, एवढेच. अमेरिकेतील फ्लोरिडाचे झरे किंवा मेक्सिकोतील युकातानच्या काही जलमग्न गुहा अशा आहेत की तेथे छत आणि खोली या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. अशा ठिकाणी पाणबुड्याच्या डोक्यावर दोन छते असतात. एक खडकाचे, जे डोळ्यांना दिसते. दुसरे त्याच्या स्वतःच्या शरीराने उभे केलेले, जे दिसत नाही; पण ते ओलांडून वर आले तर माणूस पंगू होतो किंवा दगावतो. मनगटावर बांधायचा बुडी-संगणक हे दुसरे छत आकड्यांत दाखवतो. असा संगणक कसा निवडावा, हा या प्रकरणाचा विषय आहे. त्यासाठी हे अदृश्य छत कसे तयार होते, ते प्रथम पाहू.

शरीरावर चढणारे ऋण

समुद्रात दर दहा मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर तो एक वातावरण असतो, दहा मीटरवर दोन आणि चाळीस मीटरवर पाच. पाणबुड्याला त्या त्या खोलीच्या दाबाचीच हवा श्वासातून घ्यावी लागते. द्रवात वायू किती विरघळेल हे त्या वायूच्या दाबावर अवलंबून असते, हा नियम विल्यम हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०३ साली मांडला. त्यानुसार चाळीस मीटर खोलीवर रक्तात आणि ऊतकांत नायट्रोजन विरघळू लागतो, आणि पुरेसा वेळ तेथे राहिल्यास त्याचे प्रमाण जमिनीवरच्या पाचपट होते. ऑक्सिजन शरीर वापरून टाकते. नायट्रोजन मात्र वापरला जात नाही, तो साठतो.

सोडावॉटरच्या बाटलीचे बूच एकदम काढले, की आतला वायू फसफसून बाहेर येतो. हळूहळू सैल केले, तर तो शांतपणे निघून जातो. पाणबुड्या घाईने वर आला, तर त्याच्या शरीरात बूच उडालेल्या बाटलीसारखी अवस्था होते. सांध्यांत, मज्जारज्जूत, रक्तवाहिन्यांत बुडबुडे धरतात. हा विकार टाळण्यासाठी ठरावीक खोलीवर थांबत, टप्प्याटप्प्याने वर यावे लागते. पाणबुडे या क्रियेला डीकॉम्प्रेशन म्हणतात. आपण तिला दाब-उतार म्हणू. खोलीवर घालवलेला प्रत्येक मिनिट हे जणू काढलेले कर्ज आहे आणि परतीचे थांबे हे त्याचे हप्ते आहेत. हप्ता चुकवण्याची मुभा येथे नसते.

कोष्टकापासून संगणकापर्यंत

या कर्जाचा पहिला शास्त्रीय हिशेब जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने मांडला. ब्रिटिश नौदलासाठी त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी शेळ्यांना दाबाच्या कोठीत ठेवून प्रयोग केले आणि १९०८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शरीराचे सारे भाग एकाच वेगाने नायट्रोजन घेत नाहीत, हे हाल्डेनने ओळखले होते. म्हणून त्याने शरीराची पाच काल्पनिक कप्प्यांत विभागणी केली. सर्वांत जलद कप्पा पाच मिनिटांत निम्मा भरतो, दहा मिनिटांत पाऊण आणि पंधरा मिनिटांत सात-अष्टमांश. सर्वांत मंद कप्प्याला निम्मे भरण्यासच पंचाहत्तर मिनिटे लागतात. या निम्मे भरण्याच्या काळाला अर्धकाल म्हणतात.

हाल्डेन या नावाशी भारताचेही नाते आहे. जॉन हाल्डेनचे पुत्र जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९३९ सालच्या ‘थेटिस’ पाणबुडीच्या दुर्घटनेनंतर दाबाच्या कोठीत स्वतःवरच प्रयोग केले. अधिक दाबाच्या ऑक्सिजनमुळे आलेल्या झटक्यात त्यांच्या पाठीच्या मणक्यांना इजा झाली. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले.

पुढे झ्युरिच येथील डॉ. आल्बर्ट ब्यूलमान यांनी हाल्डेनची पद्धत विस्तृत केली. त्यांच्या प्रसिद्ध प्रतिमानात सोळा कप्पे आहेत. नायट्रोजनसाठी त्यांचे अर्धकाल चार-पाच मिनिटांपासून थेट ६३५ मिनिटांपर्यंत जातात. कोणताही कप्पा जवळजवळ पूर्ण भरण्यास किंवा रिकामा होण्यास सहा अर्धकाल लागतात. म्हणजे सर्वांत मंद कप्प्याला ३,८१० मिनिटे, अर्थात साडेत्रेसष्ट तास हवेत. आज सकाळच्या बुडीचे थोडे कर्ज परवाच्या बुडीतही शिल्लक असते, ते यामुळेच.

पूर्वी हा हिशेब छापील कोष्टकांवरून होई. कोष्टक असे धरून चालते की संपूर्ण काळ आपण कमाल खोलीवरच होतो. गुहेतील वाट मात्र चढते, उतरते, पुन्हा चढते. दर काही सेकंदांनी दाब मोजून सोळाही कप्प्यांचा हिशेब नव्याने करणारे यंत्र हवे, ही गरज यातूनच निर्माण झाली. १९८३ साली ‘ऑर्का एज’ आणि ‘हान्स हास डेकोब्रेन’ हे संगणक बाजारात आले. आजच्या मनगटी यंत्रांच्या मानाने ते बोजड होते. परंतु त्यांचे मूळ काम आजच्या यंत्रांसारखेच होते.

यंत्र काय जाणते?

निवडीचा विचार करण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की ठसवून घ्यावी. मनगटावरचा संगणक आपल्या रक्तातील नायट्रोजन मोजत नाही. तो दोनच गोष्टी मोजतो: पाण्याचा दाब आणि वेळ. तिसरी गोष्ट, म्हणजे आपण कोणता वायू श्वासात घेत आहोत हे, बहुतेक वेळा आपणच त्याला सांगायचे असते. या तीन आकड्यांवरून तो एका काल्पनिक शरीराचा हिशेब करतो.

पाणबुड्याला थंडी वाजत आहे, त्याच्या शरीरात पाणी कमी पडले आहे, प्रवाहाविरुद्ध पोहून तो दमला आहे, यांपैकी काहीही या हिशेबात आपोआप येत नाही. सुमारे चारांतील एका माणसाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील जन्मपूर्व छिद्र पूर्ण बुजलेले नसते आणि त्यातून बुडबुडे फुप्फुसांची चाळणी चुकवून पुढे जाऊ शकतात; यंत्राला तेही ठाऊक नसते. संगणक हा हिशेबनीस आहे, वैद्य नव्हे. चांगल्या हिशेबनिसाकडून आपण तीन अपेक्षा करतो. त्याची पद्धत आपल्याला कळावी, त्याने आकडे स्पष्ट सांगावेत आणि व्यवहार बिघडला असताना त्याने वही मिटून घेऊ नये. निवडीच्या साऱ्या कसोट्या या तीन अपेक्षांत सामावतात.

पहिली कसोटी: पद्धत कळावी

काही उत्पादक आपले गणिती सूत्र गुप्त ठेवतात. तारकर्ली किंवा अंदमानच्या समुद्रात मार्गदर्शकासोबत उथळ बुडी घेणाऱ्यास त्याने फारसे बिघडत नाही. तांत्रिक बुडी घेणाऱ्याला, म्हणजे दाब-उताराचे थांबे आणि अनेक वायू ज्या बुडीत अपरिहार्य असतात ती घेणाऱ्याला, मात्र आपली योजना घरी बसून कागदावर करता आली पाहिजे आणि पाण्यात यंत्राने तिच्याशी मिळतेजुळते उत्तर दिले पाहिजे. म्हणून ब्यूलमान यांच्या प्रसिद्ध प्रतिमानावर चालणारे आणि ‘ग्रेडियंट फॅक्टर’ बदलू देणारे यंत्र निवडावे.

ही ग्रेडियंट फॅक्टरची रीत एरिक बेकर या अमेरिकन अभियंत्याने १९९० च्या दशकात रूढ केली. ब्यूलमान यांनी ठरवलेल्या मर्यादेला शंभर मानले, तर त्या मर्यादेच्या किती टक्क्यांपर्यंत जायचे, हे दोन आकड्यांनी सांगायचे. ३०/७० असे लिहिले, तर पहिला थांबा मर्यादेच्या ३० टक्क्यांवर येतो आणि पृष्ठभागावर पोचताना आपण ७० टक्क्यांच्या आत असतो. पहिला आकडा लहान, तर पहिला थांबा अधिक खोल; दुसरा लहान, तर शेवटचे उथळ थांबे अधिक लांब. एके काळी खोल थांबे अधिक सुरक्षित समजले जात. अमेरिकन नौदलाच्या प्रायोगिक बुडी केंद्राने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत मात्र एकूण वेळ तेवढाच ठेवून खोल थांब्यांवर भर दिला असता विकाराचे प्रमाण वाढलेले आढळले. खोल थांबलो असताना मंद कप्पे भरतच राहतात, हे त्याचे कारण. आकडे बदलता येणारे यंत्र असेल, तर अशा नव्या ज्ञानाचा लाभ घेता येतो. एकत्र जाणाऱ्यांनी हे आकडे आधीच एकमताने ठरवावेत. नाही तर एकाचे यंत्र ‘वर जा’ म्हणेल आणि दुसऱ्याचे ‘थांब’.

दुसरी कसोटी: अनेक वायूंचा हिशेब

तीस मीटरपलीकडे साध्या हवेतील नायट्रोजनमुळे नशा चढल्यासारखी होते, बुद्धी मंदावते. म्हणून खोल बुडीत नायट्रोजनचा काही भाग काढून त्याच्या जागी हेलियम घालतात. १८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलियम आणि उरलेला नायट्रोजन हे साठ मीटरच्या आसपास वापरले जाणारे एक मिश्रण होय. परतीच्या वाटेवर नायट्रोजन व हेलियम लवकर बाहेर पडावेत यासाठी सुमारे २१ मीटरपासून ५० टक्के ऑक्सिजनचे मिश्रण आणि सहा मीटरवर शुद्ध ऑक्सिजन घेतात.

येथे चुकीला क्षमा नसते. ऑक्सिजनचा आंशिक दाब काम करताना १.४ आणि विश्रांतीच्या थांब्यांवर १.६ वातावरणांपेक्षा अधिक होऊ देऊ नये, असा संकेत आहे. ५० टक्क्यांचे मिश्रण चुकून चाळीस मीटरवर तोंडात घेतले, तर हा दाब पाचाच्या निम्मे, म्हणजे २.५ होतो. अशा वेळी झटका येऊन तोंडातील नळी सुटू शकते आणि माणूस बुडतो. याच्या उलट चूकही तितकीच घातक आहे. पाणबुड्याने यंत्राला ‘५० टक्के’ असे सांगितले आणि प्रत्यक्षात तळाचाच वायू घेत राहिला, तर यंत्र फिटलेले नसलेले कर्ज फिटले असे दाखवील. यंत्र खोटे बोलत नाही. त्याला खोटे सांगितलेले असते.

म्हणून यंत्रात हेलियमची मिश्रणे व पुरेसे वायू भरता यावेत, वायू बदलण्याची क्रिया दोन-तीन कळांत व्हावी आणि खोलीस अयोग्य वायू निवडल्यास ठळक इशारा मिळावा. पाण्याखाली असताना एखादा वायू यादीतून काढता येणेही तितकेच महत्त्वाचे आहे. बहुतेक यंत्रे असे गृहीत धरतात की यादीतील सारे वायू आपल्याजवळ आहेत. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा झडपेचा भाग निकामी झाला, तर तो वायू यादीतून काढताच पृष्ठभागापर्यंतचा खरा वेळ पडद्यावर आला पाहिजे.

रिब्रीदर वापरणाऱ्यांची गरज आणखी वेगळी असते. या उपकरणात उच्छ्वासातील कार्बन डायॉक्साइड शोषून घेऊन ऑक्सिजनची भर घातली जाते आणि तोच वायू पुन्हा श्वासात येतो. ऑक्सिजनचा दाब त्यात साधारण स्थिर ठेवतात. त्यासाठी संगणकाने ऑक्सिजनच्या संवेदकांशी जोडले जावे आणि उपकरण बंद पडून साध्या सिलिंडरवर यावे लागले तर लागणारा वेळही दाखवावा.

तिसरी कसोटी: वही मिटू नये

हौशी बुडीसाठी बनवलेली काही यंत्रे थांबा चुकला की रुसतात. पुढचे चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तास ती दाब-उताराचा हिशेब देतच नाहीत. केवळ खोली आणि वेळ दाखवतात. नवशिक्याला पुन्हा पाण्यात उतरण्यापासून परावृत्त करावे, हा त्यामागील हेतू. गुहेत मात्र हाच गुण घात करतो. समजा, परतीच्या वाटेत गुहेचा बोगदा सहा मीटरपर्यंत वर चढून पुन्हा पंधरा मीटरला उतरतो आणि संगणक सांगतो की नऊ मीटरच्या वर येऊ नका. अलीकडे थांबून कर्ज फेडण्याइतका वायू असेल, तर प्रश्न नाही. नसेल, तर पाणबुड्याला तो उंचवटा ओलांडावाच लागेल. त्यानंतर पुढे कोठे, किती थांबावे हे त्याला पूर्वीपेक्षा अधिक कळायला हवे आणि नेमक्या त्याच क्षणी रुसणारे यंत्र गप्प बसते. तांत्रिक बुडीचे यंत्र चूक नोंदवून हिशेब पुढे चालू ठेवणारेच असावे. खरेदीपूर्वी माहितीपुस्तिकेतील हा भाग अवश्य वाचावा.

चौथी कसोटी: गढूळ पाण्यात, थंड हातांनी

गुहेच्या तळाचा गाळ एका पायाच्या फटकाऱ्याने उसळतो आणि दिव्याचा प्रकाशही धुक्यात हरवतो. अशा वेळी पडदा चेहऱ्याजवळ नेऊन वाचावा लागतो. आकडे मोठे, प्रकाशमान आणि एकमेकांपासून वेगळे असावेत. खोली, गेलेला वेळ, पुढचा थांबा, त्याचा अवधी आणि पृष्ठभागापर्यंतचा एकूण वेळ एकाच दृष्टिक्षेपात दिसावा. कळा जाड हातमोज्यांनी दाबता याव्यात आणि बांधणीचा पट्टा तुटला तरी यंत्र हरवू नये, यासाठी दुहेरी पट्टा किंवा लवचीक दोरी वापरावी.

बॅटरीचा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. शिअरवॉटर या कॅनडातील कंपनीच्या ‘पर्डिक्स’ या यंत्रात बाजारात सर्वत्र मिळणारी एए आकाराची बॅटरी बसते. त्याच कंपनीचे ‘टेरिक’ घड्याळाएवढे असून त्याची बॅटरी विजेवर पुन्हा भरावी लागते. वीज नसलेल्या दूरच्या गावी मुक्काम असेल, तर पहिला प्रकार सोयीचा. रोज वापरण्याजोगे लहान यंत्र हवे असेल, तर दुसरा. थंड पाण्यात बॅटरीची शक्ती कमी होते, हेही लक्षात ठेवावे.

गुहांतील पाणी बहुधा गोडे असते. ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच दाबाला खोलीचा आकडा दोन-तीन टक्क्यांनी वेगळा येतो. दाब-उताराचा हिशेब दाबावरच होत असल्यामुळे तो यामुळे बिघडत नाही. मात्र कागदावरील योजना आणि पडद्यावरील खोली जुळावी म्हणून पाण्याचा प्रकार निवडण्याची सोय असावी. डोंगरावरील जलाशयात हवेचा दाबच कमी असतो. तो यंत्राने आरंभी मोजून घ्यावा.

सिलिंडरमधील दाब बिनतारी पद्धतीने मनगटावर दाखवणारी यंत्रेही मिळतात. गुहेतील जुना नियम असा की वायूचा एक-तृतीयांश जाण्यासाठी, एक-तृतीयांश परतण्यासाठी आणि एक-तृतीयांश संकटासाठी राखावा. २१० बारचे सिलिंडर असेल, तर १४० वर आकडा येताच परत फिरायचे. मनगटावरचा आकडा यात साहाय्य करतो. पण बिनतारी संदेश खंडित होऊ शकतो. म्हणून नळीला जोडलेला साधा दाबमापक काढून टाकू नये.

दुसरा हिशेबनीस

सर्व कसोट्यांना उतरलेले यंत्रही बंद पडू शकते. उघड्या, उथळ समुद्रात ते बंद पडले, तर सावकाश वर यावे आणि त्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरू नये, एवढे पुरते. दोन छतांखाली मात्र ते पुरत नाही. म्हणून दुसरा संगणक जवळ बाळगावा. तोही त्याच प्रतिमानावर चालणारा, तेच ग्रेडियंट फॅक्टर आणि तेच वायू भरलेला असावा. दोघांची उत्तरे वेगळी आली, तर अधिक काळ थांबायला सांगणाऱ्याचे ऐकावे. जवळच्या पाटीवर किंवा वहीत घरी काढलेली योजना लिहिलेली असावी. पैसे मर्यादित असतील, तर एक महागडे यंत्र घेण्यापेक्षा साधी पण विश्वासू अशी दोन घेणे शहाणपणाचे.

अमेरिकन गुहा-पाणबुड्या शेक एक्सली याने १९७९ साली गुहेतील अपघातांचा अभ्यास करून एक पुस्तिका प्रसिद्ध केली. प्रवेशद्वारापासून अखंड दोरी न लावणे, परतीसाठी पुरेसा वायू न राखणे आणि साध्या हवेवर फार खोल जाणे, या तीन चुका मृत्यूंच्या मुळाशी पुन्हापुन्हा आढळल्या. त्या वेळी आजच्यासारखे मनगटी संगणक नव्हते. आज ते आहेत. तरी या तिन्हींपैकी एकही चूक ते आपल्यासाठी टाळू शकत नाहीत. ते दोरी लावत नाहीत, परत फिरण्याचा निश्चय करत नाहीत आणि योग्य वायू भरून आणत नाहीत.

म्हणून दुकानात यंत्र हाती घेतल्यावर त्याच्या रंगीत पडद्याकडे पाहण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: हे यंत्र जो आकडा दाखवील, तो का दाखवत आहे, हे मला सांगता येईल का? उत्तर नकारार्थी असेल, तर अजून शिकण्याची वेळ आहे, खरेदीची नव्हे. होकारार्थी असेल, तर यंत्र घ्यावे, एखाद्या उथळ, उघड्या पाण्यात त्याच्या साऱ्या कळा अंधारात दाबता येतील इतका सराव करावा आणि मगच खडकाच्या छताखाली शिरावे. हिशेबनीस कितीही हुशार असला, तरी कर्ज काढणारा आणि फेडणारा पाणबुड्या स्वतःच असतो.